अकरा नंबरचा वॉल

"हात कुणी लावला फायलीला? मला नाव पाहिजे. मी रोज सकाळी नीट करायची अन् तुम्ही रोज सांच्याला बिघडवायची, हे काय लावलंय? लेकरांचा खेळ हाय का हा?"

पंपरूमच्या दारात उभं राहून सुलेखा बोलत होती. आत मोटारीचा घुमारा चाललेला, म्हणून आवाज चढवलेला. समोर बुद्धभूषण, गोदाबन टाऊनशिपचा पंप ऑपरेटर. हातात पान्हा, नजर खाली.

"ताई, जयभीम," तो म्हणाला.

"जयभीम. आधी उत्तर दे."

"मीच लावला."

"काहून?"

"तुमी कोण म्हणून इचारायल्या, ताई? कंपनीच्या मॅडम म्हणून, का..."

"कंपनीची म्हणूनच. दुसरी कोण हाय मी?"

बुद्धभूषणनं पान्हा खाली ठेवला, चड्डीला हात पुसला आणि म्हणाला, "मंग चला जरा मागं. पायी. गाडी जात नाय तिथं."

सुलेखा चोर धरायला आली होती. चोर सापडला होता, त्यानं कबूलही केलं होतं. आता मागं जायची तशी काही गरज नव्हती. पण ती गेली.

ही बाई कोण आणि एवढी तणतणत हर्सूलच्या पुढं, शहराबाहेर, काय करत होती, ते आधी सांगतो.

सुलेखा मुकुंदवाडीची. स्टेशनाच्या अलीकडं दोन खोल्यांत आई आणि ती. रोज स्कूटी काढून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जायची, तिथल्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायची. कंपनीचा धंदा पाण्याचा. म्हणजे पाणी विकायचा नाही, वाटायचा. या शहरात नळाला पाणी रोज येत नाही. कोणत्या वारी येणार ते बघून लोक पाहुण्यांना बोलावतात, मुलगी बघायला यायचा दिवससुद्धा पाण्याच्या वारावर ठरतो. मोठ्या कॉलन्यांनी मग आपापल्या टाक्या बांधल्या. नळाचं, टँकरचं, बोअरचं, मिळंल ते पाणी टाकीत साठवायचं आणि तिथून इमारतींना पाळीनं सोडायचं. प्रत्येक इमारतीच्या पाइपाला एक वॉल, म्हणजे चावी. ती माणूस फिरवत नाही, मोटार फिरवते. मोटारीला हुकूम देते पंपरूममधली एक डबी. आणि डबीला हुकूम देते एक फाईल. कोणता वॉल कधी उघडायचा, किती वेळ ठेवायचा, कधी मिटायचा, एवढंच त्या फायलीत. डबी वाचते, तसं करते. तिला दुसरी अक्कल नाही.

पाटाच्या पाण्यावर ज्यानं दारं धरलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. फाईल म्हणजे पाण्याची पाळी, आणि फायलीत लिहिणारा म्हणजे पाटकरी.

कंपनीचा पाटकरी होता पुंजाराम. पैठणच्या खालचा गडी, मालक अप्पारावच्या गावचा. जवानीत खरोखरच पाटावर काम केलेलं. मालकानं कंपनी काढली तेव्हा मोटारी, वायरी बघायला म्हणून आणला आणि बघता बघता सगळ्या कॉलन्यांच्या फायली त्याच्या हातात गेल्या. इंग्रजी यायचं नाही, पण कोणत्या ओळीतला कोणता आकडा बदलला की कुठलं पाणी वाढतं एवढं बरोबर ठाऊक. कॉलनीवाले फोन करायचे. काका, बारसं आहे, आमच्या बिल्डिंगला थोडं वाढवा. वाढवलं. काका, वरच्या मजल्यावर चढत नाही. वाढवलं. त्याच्या मेव्हण्याच्या बंगल्यापुढचं लॉन वाळायलं, तेही वाढवलं. मेव्हण्याला फोनसुद्धा करावा लागला नाही. एकाला वाढवलं की दुसऱ्याचं कमी होणारच. ते ज्याचं व्हायचं त्याला कधी कळायचं नाही, त्याला वाटायचं पाणीच कमी आलं.

मग एकदा काकाच्या हातून आकडा सरकला. एका कॉलनीत वॉल उघडा तो उघडाच राहिला. खाली पार्किंगमध्ये गाड्यांची चाकं बुडाली आणि वर लोक कोरड्या बादल्या घेऊन जिन्यात भांडत बसले. मालकाला शिव्या बसल्या. त्या दिवशी सुलेखाचं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं.

तिचं म्हणणं कधीचं होतं, की फायलीला माणसाचा हात लागताच कामा नये. सगळ्या कॉलन्यांचे नियम एका जागी कोडात लिहायचे. त्यातून प्रत्येक कॉलनीची फाईल प्रोग्राम स्वतः बनवील. बदल पाहिजे तर तो कोडात लिहायचा, कशासाठी ते लिहायचं, खाली आपलं नाव येणार, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचं, मगच तो डबीपर्यंत जाईल. आणि रोज पहाटे, पाणी सुटायच्या आधी, प्रोग्राम सगळ्या डब्यांतून फेरी मारील. कोडात लिहिलंय त्यापेक्षा कुठं वेगळं दिसलं की ते पुसून लिहिल्याप्रमाणं करील. मेव्हणा असो नाहीतर मालक.

हे काही तिला नुसतं कॉलेजात सुचलेलं नव्हतं. तिचं लहानपण बिडकीनच्या बाजूच्या एका खेड्यात गेलं. उन्हाळ्यात टँकर यायचा आणि विहिरीत रिकामा व्हायचा. कुणी आधी भरायचं याचा नियम लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. तिची आई रांगेत कितीही लवकर उभी राहिली तरी शेंदायची शेवटी, तळाचा गाळ. कुणी तिला मागं हो म्हणायचं नाही. तीच व्हायची. मग एका उन्हाळ्यात नवा ग्रामसेवक आला. मध्यम वयाचा, नाकावर चष्मा. त्यानं घरागणिक पाळी लिहून चावडीच्या भिंतीला चिकटवली. आईचं नाव वरच्या ओळींत होतं. लोक लई बडबडले, पण कागदाशी भांडता येईना. आईनं त्या दिवशी निवळ पाणी आणलं आणि चहा ठेवला. सुलेखा भिंतीपाशी जाऊन पुन्हा पुन्हा ते नाव वाचून आली. तेव्हापासून तिचा भरवसा लिहिलेल्यावर. तोंडी दस्तूर कुणाच्या बाजूचा असतो ते तिनं गाळातून शेंदून पाहिलेलं होतं.

म्हणून कंपनीत जुन्या फायली नव्या कोडात घालायची वेळ आली तेव्हा ती पुंजारामपुढं जाऊन उभी राहिली.

"काका, हे जास्तीचे आकडे कशाकशाचे? एकेकाचं कारण लिहून द्या."

"लिहून कशाला? बस हितं. च्या सांगतो, तोंडानं सांगतो समदं."

"तोंडी नको. लेखी द्या."

"लेखी मी बापाला दिलं नाय."

"मग ज्याला लेखी कारण नाय ते मी पुसणार."

"पूस ना. पाटी तुझी, पेन्शील तुझी." पुंजारामनं पानाची पिंक टाकायला खिडकी उघडली. "पर पुसायच्या आधी एकदा इचार, पोरी."

"विचारतेच हाय की! लेखी विचारायले."

"मंग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

दोघंही हट्टाचे. तिनं तोंडी ऐकलं नाही, त्यानं लेखी दिलं नाही. महिनाअखेरीस काका पगाराचा हिशेब घेऊन कायमचा गावाकडं गेला आणि सुलेखानं त्याच्या सगळ्या फायली पुसून काढल्या. बारशाचे आकडे गेले, लॉनचा आकडा गेला. गोदाबनच्या फायलीत इमारती दहा आणि वॉल अकरा निघाले. अकराव्यापुढं कोणत्याच इमारतीचं नाव नाही, टाऊनशिपच्या कागदांत त्याचा पत्ता नाही. पहाटे थोडाच वेळ उघडायचा, लोक उठायच्या आत मिटायचा. काकाच्या आणखी कुणा सोयऱ्याचा बगीचा, तिनं मनात म्हटलं, आणि तोही काढून टाकला.

काम नीट झालं. कॉलन्यांतल्या तक्रारी निम्म्यावर आल्या. तिची वरिष्ठ श्रेया, पुण्याहून आलेली, बोलायला गोड आणि कामाला चोख, तिनं सगळ्यांपुढं तारीफ केली. फक्त गोदाबन. रोज पहाटेच्या अहवालात गोदाबनची ओळ लाल. डबीवरून कुणीतरी हातानं अकरावा वॉल पुन्हा घातलेला. प्रोग्राम पुसायचा. सांजेला पुन्हा घातलेला. पहाटे पुन्हा पुसलेला. पाणी सुटायच्या आधीच पुसला जायचा, म्हणजे घालणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. तरी तो घालतच होता. सुलेखाला चीड आली ती त्याचीच.

तर बुद्धभूषण पुढं आणि ती मागं, अशी दोघं टाऊनशिपच्या मागच्या भिंतीला गेली. भिंतीत एक पत्र्याचं दार. दाराबाहेर पत्र्याच्याच खोल्यांची ओळ. ज्यांनी गोदाबनच्या इमारती बांधल्या त्यांच्यासाठी बिल्डरनं टाकलेली. इमारती झाल्या, बिल्डर गेला, माणसं राहिली. बाप्ये आता आत वॉचमनकी करायचे, बाया जिने झाडायच्या आणि भांडी घासायच्या. ओळीच्या टोकाला एक तोटी होती. तोटीवर कुणीतरी फडकं बांधलेलं.

"पारूमावशी," बुद्धभूषणनं हाक मारली, "कंपनीच्या ताई आल्या."

हंड्याचं बूड चिंचेनं घासत एक बाई बसली होती. तिनं मान वर केली.

"ह्याच का पाणी बंद करणाऱ्या? बघू तरी तोंड. मला वाटलं लई मोठी बाई असंल. ही तर आपल्यातलीच दिसती."

"मी बंद नाय केलं मावशी. ते नियमात नव्हतं."

"आमी नियमात कवा व्हतो? पाणी येत व्हतं तेवढं."

"कुणी सोडलं होतं?"

"तो म्हातारा. पानवाला. पाइप ह्या भूषणनं टाकला, चावी त्यानं लावली. म्हणला, तुमीच बांधलेली टाकी हाय, तुमाला काहून नको? पर बोंब मारू नका म्हणला. आमी नाय मारली. पहाटं हंडे भरायचो अन् फडक्यानं तोटी झाकून ठिवायचो. आता तोटी हाय, फडकं हाय. पाणी तुमी नेलं."

"मग आता कुठून आणता?"

पारूबाईनं रस्त्याकडं हात केला. "सडकंच्या पल्याड. येतील तवा टँकरवाल्यांच्या पाया पडायचं. अन् मंग आत जाऊन साहेब लोकांचे जिने धुवायचे, पाइप लावून."

बुद्धभूषण म्हणाला, "मला ठाऊक व्हतं ताई, पहाटं पुसलं जातं ते. पर म्हणलं, रोज लिहीत ऱ्हायचं. कवातरी कुणीतरी बघाया येईल, कोण लिहितंय म्हणून."

सुलेखाच्या जिवाला ते लागलं. पण ती रडणाऱ्यांतली नाही, कामाला लागणाऱ्यांतली. तिनं तिथंच मोबाईल काढला, तोटीचा फोटो घेतला, खोल्यांचा घेतला.

"मावशी, मी हे नीट करून देते. कोडात घालते. लेखी. एकदा लिहिलं ना, की मग कुणाच्या बापाला पुसता येणार नाय."

पारूबाईचा हात हंड्यावर थांबला. "नका लिहू, बाई."

"काहून?"

"व्हतं तसं गपचिप चालू करून द्या. लिहू नका कुठं."

"लिहिल्याशिवाय हक्क होत नाय मावशी."

"हक्क ऱ्हाऊ द्या. हंडा भरू द्या."

सुलेखाला ते भित्र्या बाईचं बोलणं वाटलं. आईही अशीच बोलायची, ग्रामसेवक येईपर्यंत.

परतताना हर्सूलच्या तलावाजवळ स्कूटी थांबवून तिनं पुंजारामला फोन लावला.

"काका, गोदाबनचा अकरा नंबर."

"कळलं का? बरं झालं."

"तुम्ही सांगितलं काहून नाय?"

"तू लेखी मागायली. लेखी दिलं असतं तर त्याच दिवशी बंद पडलं असतं."

"काका, मेव्हण्याच्या लॉनचं अन् ह्याचं तुम्ही एकाच फायलीत, एकाच हातानं करायचे. मला कसं कळावं कोणतं पाप अन् कोणतं पुण्य?"

पलीकडं पानाची पिंक टाकल्याचा आवाज आला. मग पुंजाराम म्हणाला, "ते मला बी कुठं कळत व्हतं? ज्याचा फोन आला त्याला दिलं. ह्या बायांचा तर फोन बी नव्हता, भूषणनं सांगितलं. आता तू काय करायली?"

"कोडात घालते."

"घाल मंग," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं कोडात लिहिलं: गोदाबन, वॉल अकरा, पहाटे थोडा वेळ. कारणाच्या जागी लिहिलं: मागच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांसाठी, हे लोक टाऊनशिपचंच काम करतात. फोटो जोडले. खाली तिचं नाव आलं. आणि प्रोग्रामनं तो बदल अडवला. नवा वॉल घालायचा तर त्या कॉलनीच्या कमिटीची लेखी संमती पाहिजे, हा नियम कोडात होता. तो तिनंच घातलेला होता, मेव्हण्यांना अडवायला.

श्रेयानं फोटो पाहिले. "मी तर आत्ता मंजूर करते, सुलेखा. पण तुझा प्रोग्रामच पुढं जाऊ देत नाहीये. ती संमतीची अट या एका वॉलपुरती काढतेस का? मी कुणाला बोलणार नाही."

एक ओळ होती. काढायला चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. सुलेखा त्या ओळीकडं बघत बसली.

"नको," ती म्हणाली. "आज मी काढली तर उद्या काकासारखा दुसरा कुणीतरी काढंल, लॉनसाठी. आपण संमती मागू. फोटो बघितल्यावर नाही कोण म्हणणार? माणसंच आहेत."

श्रेयानं खांदे उडवले. पत्र गेलं.

गोदाबनच्या कमिटीचा चेअरमन साहेबराव. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला, गावाकडं शेती, इकडं दोन फ्लॅट. माणूस वाईट नव्हता. पत्र हातात आलं तसा त्यानं सुलेखाला बोलावून घेतलं, पाणी दिलं, चहा दिला.

"ताई, हे तुम्ही काय करून ठेवलं?"

"काय केलं, साहेब?"

"अहो, रोज सकाळी मी त्या भिंतीकडं फिरायला जातो. बाया हंडे घेऊन चाललेल्या दिसायच्या. मी कधी विचारलं नाही, हंडे कुठं भरले म्हणून. मला कुणी सांगितलं नाही. छान चाललं होतं. आता तुमचं हे पत्र आलं, फोटोसकट. आता मला ते मीटिंगमध्ये वाचून दाखवावं लागणार."

"वाचून दाखवा की. तेच पाहिजे."

साहेबरावनं पत्राची घडी घातली. "तुम्ही कधी कॉलनीच्या मीटिंगला बसला नाहीत, असं दिसतंय."

मीटिंग रविवारी झाली. सुलेखाला मागं खुर्ची दिली. पत्र वाचून झालं. मग एकानं विचारलं की टँकरचे पैसे आपण भरतो ना? मग दुसऱ्यानं विचारलं की किती वर्षं हे चालू होतं. मग तिसरी एक बाई म्हणाली, माझी भांडीवाली तिथंच राहते, गरीब आहे बिचारी, मी तिला जुने कपडे देते, पण पाणी म्हणजे आज तोटी, उद्या मीटर, परवा त्या खोल्याच त्यांच्या नावावर करून मागतील. तिथून पुढं मग कुणी कुणाचं ऐकलं नाही. कुणीही वाईट शब्द बोललं नाही. सगळे सभ्य लोक. ठराव लिहिला गेला, सह्या झाल्या: संमती नाही. शिवाय बेकायदा जोडणी तोडून पाइप बंद करावा. शिवाय पंप ऑपरेटरकडून डबीचा पासवर्ड काढून घ्यावा.

सुलेखा उभी राहून काही बोलायला गेली. साहेबरावनं हळूच हातानं बसा म्हटलं. "तुम्हीच लेखी मागितलं ना ताई?" एवढंच तो म्हणाला, आणि त्यात टोमणासुद्धा नव्हता.

सोमवारी प्लंबर आला. टोपी घातलेला म्हातारा, रोशनगेटकडचा. त्यानं तोटीवरचं फडकं सोडलं, पाइप पाहिला आणि बुद्धभूषणला विचारलं, "इसकू बंद करना बोलके किन्ने बोला? अच्छा खासा चालू नल है, मियां."

"कागद आलाय, चाचा."

"कागद आया तो फिर क्या," असं म्हणत त्यानं पाइपाला करवत लावली.

पारूबाई बघत उभी होती. ओरडली नाही. काम झाल्यावर फडकं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकून जिने झाडायला आत गेली.

हे सगळं बुद्धभूषणनं फोनवर सांगितलं. बोलताना तो मॅडम म्हणाला. फोन ठेवताना जयभीम म्हणाला नाही. सुलेखा म्हणाली, तोवर फोन कट झालेला होता.

त्याचा पासवर्ड काढायचं काम तिच्याकडंच आलं. कोडात त्याच्या नावाची एक ओळ होती, ती खोडायची. कारणाच्या जागी तिनं लिहिलं: कमिटीच्या ठरावाप्रमाणे. खाली तिचं नाव आलं. श्रेयानं मंजूर केलं. प्रोग्रामनं या वेळी काही अडवलं नाही. कागद पूर्ण होते.

पुढच्या पहाटे गोदाबनची ओळ हिरवी झाली आणि हिरवीच राहिली. आईनं घरी विचारलं, "काय गं, लई दिस झाले, कामाचं काही सांगत नाय?" ती म्हणाली, "सगळं नीट चालू हाय." आईनं चहा ठेवला. सुलेखानं तो गार होऊ दिला.

त्यानंतर एका सकाळी अहवालात दुसऱ्याच कॉलनीची ओळ लाल आली, शहरातल्याच सातारा परिसरातली. तिथल्या ऑपरेटरनं रात्रीतून एका वॉलचा वेळ हातानं वाढवलेला. प्रोग्रामनं पुसलेला. सुलेखानं ती ओळ बघितली. मग जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. कुणाला न विचारता त्या ऑपरेटरला फोन लावला.

"दादा, कंपनीतून सुलेखा बोलायले. काल तुम्ही वॉलचा वेळ वाढवला होता ना?"

तिकडं चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"घाबरू नका. कुणासाठी वाढवला, तेवढं सांगा. तोंडी सांगा. लेखी नको मला."

"नाय मॅडम," तो माणूस घाईघाईनं म्हणाला, "कुणासाठी बी नाय. हात लागला चुकून. परत नाय होणार."

"अहो, खरं सांगा. मी कुठं लिहिणार नाय."

"खरंच सांगतो मॅडम. गोदाबनचं ऐकलंय आमी समद्यांनी. परत नाय होणार."

तिनं फोन ठेवला. काचेच्या पलीकडं श्रेया कुणाशीतरी हसत बोलत होती. खाली गेटवर टँकर आत येत होता, वॉचमन शिट्टी वाजवत होता. ते लॉन होतं का हंडा, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

तिनं खुर्ची पुढं ओढली. नव्यानं आलेल्या दोन कॉलन्यांचे नियम कोडात घालायचे राहिले होते. पहिलीच्या जुन्या फायलीत इमारतींपेक्षा वॉल जास्त होते. तिनं कॉलनीच्या कमिटीला पत्र लिहायला घेतलं, मग पुसलं. कमिटीनं पाठवलेली यादी, इमारतीगणिक एकच वॉल असलेली, शेजारी उघडली, आणि यादीत जेवढे वॉल होते तेवढेच एकेक करून लिहीत गेली.